बद्धकोष्ठता : रोगांचे मूळ की रोगाची खूण?

पोट साफ नसेल तर सगळे रोग मागे लागतात, असे आपल्या कानावर लहानपणापासून पडत असते. मागच्या पिढ्यांत मुलांना ठरावीक दिवशी एरंडेल पाजण्याचा रिवाज घरोघर होता. ‘एरंडेल प्यायल्यासारखे तोंड’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. शिरूर तालुक्यातल्या पाबळसारख्या गावातही इसबगोल, सोनामुखी, हिरडा, त्रिफळा चूर्ण या गोष्टी किराणा दुकानात मिळतात. पोटाची तक्रार असली की माणूस दवाखान्याच्या आधी तिकडे वळतो.

या सवयीच्या मागे एक विधान दडलेले आहे. बद्धकोष्ठता हे कारण आणि रोग हा तिचा परिणाम, असे ते विधान. फळ्यावर लिहायचे तर बद्धकोष्ठतेकडून रोगाकडे जाणारा एक बाण काढावा लागेल. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत वैद्यकशास्त्राने हा बाण तपासून पाहिला. पुष्कळ ठिकाणी तो उलटा निघाला. रोग आधी होता आणि बद्धकोष्ठता ही त्याची खूण होती. हा बदल कसा घडला ते पाहू या. शिक्षकांच्या रोजच्या कामाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

उरुळी कांचन, १९४६

पाबळहून दक्षिणेला निघून भीमा आणि मुळा-मुठा ओलांडल्या की पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन लागते. २२ मार्च १९४६ रोजी महात्मा गांधी या गावी आले. आठवडाभर राहून त्यांनी गावातल्या रोग्यांना तपासले आणि निसर्गोपचार सुचवले. सूर्यस्नान, कटिस्नान, पोटावर मातीची पट्टी, साधा आहार आणि रामनाम हे त्यातले मुख्य उपाय होते. त्यातूनच तिथला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. मणिभाई देसाई यांनी पुढे तिथेच राहून तो वाढवला.

गांधीजींना मातीच्या पट्टीचा अनुभव आला होता तो दक्षिण आफ्रिकेत, आणि तोही बद्धकोष्ठतेमुळेच. डोकेदुखी आणि पोट साफ न होणे या दोन तक्रारी त्यांना बराच काळ होत्या. सकाळची न्याहारी सोडल्यावर डोकेदुखी गेली, पण पोटाची तक्रार राहिली. जर्मनीतल्या लुई कूने यांच्या कटिस्नानाने थोडा आराम पडला. पुढे अ‍ॅडॉल्फ जुस्ट यांचे पुस्तक वाचून त्यांनी रात्री पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधायला सुरुवात केली आणि तिने गुण आला. आत्मचरित्रात हे सर्व त्यांनी सविस्तर लिहिले आहे. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर जी छोटी पुस्तिका लिहिली, तिच्यातही मातीच्या उपचाराला मोठे स्थान आहे.

कूने यांचे म्हणणे असे होते की रोग अनेक दिसत असले तरी मूळ एकच आहे. शरीरात परके, टाकाऊ द्रव्य साठते आणि त्यातून सारे रोग उद्भवतात. असे द्रव्य साठण्याची सर्वांत सहज सुचणारी जागा म्हणजे मोठे आतडे. म्हणून हा विचार पटायला सोपा होता.

विष रक्तात जाते का?

हा विचार फक्त निसर्गोपचार करणाऱ्यांचा होता असे मात्र समजू नये. त्या काळच्या नामवंत डॉक्टरांचेही हेच मत होते. फ्रान्समध्ये शार्ल बुशार यांनी १८८० च्या दशकात ‘स्वयंविषबाधा’ अशी कल्पना मांडली. आतड्यात मल साठून सडतो, त्यातले विष रक्तात उतरते आणि माणूस आजारी पडतो, असे त्यांचे म्हणणे. रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे मेचनिकॉफ यांना तर मोठे आतडे हा माणसाला नडणारा अवयव वाटे. तिथल्या जिवाणूंमुळे आयुष्य कमी होते असे मानून त्यांनी आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला.

लंडनचे प्रसिद्ध शल्यविशारद आर्बथनॉट लेन याच्याही पुढे गेले. बद्धकोष्ठतेच्या रोग्यांचे मोठे आतडेच ते कापून काढू लागले. त्यात काही रोगी दगावले. मूळ कल्पना चूक असेल तर तिचे मोल किती द्यावे लागते याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. लेन स्वतः पुढे शस्त्रक्रियेकडून आहाराकडे वळले आणि कोंड्याचा प्रचार करू लागले.

या कल्पनेला धक्का दिला तो एका साध्या प्रश्नाने. बद्धकोष्ठतेत डोके जड होते, भूक मंदावते, चिडचिड होते हे खरेच आहे. पण शौचाला झाल्याबरोबर, अगदी काही मिनिटांत, माणसाला मोकळे वाटते. दारू प्यायलेल्या माणसाची नशा बाटली फेकून दिल्याबरोबर उतरत नाही, कारण रक्तातले द्रव्य निघून जायला वेळ लागतो. मग बद्धकोष्ठतेतले ‘विष’ क्षणात कसे नाहीसे होते?

अमेरिकेत वॉल्टर अल्वारेझ यांनी १९१९ मध्ये नेमका हा मुद्दा मांडला. १९२२ मध्ये डोनाल्डसन यांनी निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग केला. त्यांच्या गुदाशयात निव्वळ कापूस भरून ठेवला, तेव्हा बद्धकोष्ठतेत होतो तसाच त्रास त्यांना होऊ लागला. कापूस काढताच तो थांबला. कापसात विष कुठले असणार? गुदाशय ताणला गेला की चेतांमार्फत मेंदूला संदेश जातात आणि अस्वस्थ वाटते, एवढाच त्याचा अर्थ. कार्यकारणाचा विचार मुलांना शिकवायचा असेल तर हा प्रयोग वर्गात सांगावा. त्याला उपकरणे लागत नाहीत आणि निष्कर्ष मुले स्वतः काढू शकतात.

आतडे चालते कसे?

बाण पुसला गेला, पण प्रश्न राहिला. मुळात मल अडतो का? त्यासाठी आतड्याचे काम समजायला हवे होते.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. लहान आतड्यातून रोज एक ते दीड लिटर पातळ पदार्थ त्यात येतो. त्यातले बहुतेक पाणी ते शोषून घेते. मलाबरोबर बाहेर पडते ते साधारण १०० ते २०० मिलिलिटर. म्हणजे मल जितका जास्त वेळ रेंगाळेल तितका तो सुकेल आणि कडक होईल. शौचाला खडा होतो तो असा.

मल पुढे सरकतो तो आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंच्या लाटेसारख्या हालचालीने. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये कुत्र्याच्या आतड्यावर प्रयोग केले. आतड्याकडे येणाऱ्या बाहेरच्या चेता तोडल्या तरी एखादा गोळा आत ठेवताच त्याच्या मागचा भाग आकसे आणि पुढचा भाग सैल पडे. त्यामुळे गोळा पुढे ढकलला जाई. याचा अर्थ आतड्याच्या भिंतीत स्वतःचे चेताजाळे आहे आणि बरेचसे निर्णय ते मेंदूला न विचारता घेते.

तेव्हा मल नीट बाहेर पडायला चार गोष्टी लागतात. मलात पुरेसे पाणी आणि चोथा हवा, स्नायू हलायला हवेत, चेताजाळ्याने योग्य हुकूम द्यायला हवेत आणि शेवटी दार वेळेवर उघडायला हवे. यातले काहीही बिघडले तरी तक्रार एकच दिसते. पोट साफ होत नाही! तक्रार एक आणि कारणे अनेक, हे कूने यांच्या विचाराच्या अगदी उलटे झाले.

साठ वर्षे चुकीच्या जागी

१८८६ मध्ये कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी दोन बाळांची हकिगत मांडली. जन्मापासून दोघांना शौचाला होत नसे, पोट फुगत गेले आणि अखेर ती दगावली. शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड फुगलेले आढळले. फुगलेला भाग डोळ्यांना दिसत होता, म्हणून तोच रोगट ठरला. पुढची साठ वर्षे डॉक्टर त्याच भागावर उपचार करत राहिले, आणि मुले बरी होत नव्हती.

१९४० च्या दशकात बोस्टनमध्ये ऑर्व्हर स्वेन्सन यांना एक गोष्ट खटकली. पोटावर छिद्र करून फुगलेल्या आतड्याचे तोंड तिथे जोडले की मूल चांगले बाळसे धरे. छिद्र बंद करून मल पुन्हा खालच्या वाटेने सोडला की तक्रार परत येई. मग दोष खालच्या, दिसायला साध्या आणि अरुंद भागात तर नसेल? तपासल्यावर त्या भागात हालचालीची लाट पोचतच नाही असे आढळले. तिथल्या भिंतीत चेतापेशींचे पुंजकेच नव्हते. हुकूम देणारे कोणी नसल्याने तो भाग सैल पडत नसे आणि वरचे आतडे ढकलून ढकलून फुगत असे. हा अरुंद भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया स्वेन्सन आणि बिल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. पूर्वी जीव घेणारा हा रोग त्यामुळे बरा होऊ लागला.

सुमारे ५,००० बाळांत एकाला हा विकार असतो. बाळाची पहिली काळसर, चिकट शी जन्मानंतर २४ ते ४८ तासांत झाली नाही, तर ती त्याची महत्त्वाची खूण असते. अशा बाळाला घरी बोटभर एरंडेल चाटवत बसणे म्हणजे मोलाचा वेळ घालवणे होय.

आतड्याबाहेरची कारणे

काही वेळा आतडे निर्दोष असते आणि बिघाड दुसरीकडेच असतो. लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ मध्ये काही स्त्रियांचे वर्णन केले. त्यांचा चेहरा सुजकट, आवाज घोगरा आणि हालचाल मंद झाली होती. असे रोगी पुढे अनेक आढळले आणि पोट साफ न होणे ही त्यांची नेहमीची तक्रार असल्याचे दिसले. या साऱ्याचे मूळ गळ्यातल्या अवटु ग्रंथीत, म्हणजे थायरॉईडमध्ये निघाले. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी अशा एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षे जगली. नुसती रेचके देऊन हे कधीच साधले नसते.

शिसे हे दुसरे कारण. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात लोकांना पोटात मुरडा आणि घट्ट बद्धकोष्ठता होई. सफरचंदाचा रस काढण्याच्या यंत्रात वापरलेले शिसे त्या रसात उतरते, असे जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये दाखवून दिले. आजही जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचे काम जिथे चालते तिथे हा धोका आहेच.

तिसरे उदाहरण मुंबईचे. १९२० च्या दशकात गिरणीत जाणाऱ्या अनेक आया बाळाला ‘बाळगोळी’ देऊन कामावर जात. तिच्यात अफू असे. गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना बहुतेक बाळांना अफू दिली जात असल्याचे आढळले. बाळ झोपून राही, दूध कमी पिई, आणि अफूने आतड्याची हालचाल मंदावत असल्याने पोटही अडे. आईला दोष देण्यात अर्थ नव्हता. बाळाला सांभाळायला कोणी नाही आणि दिवसाची मजुरी बुडवता येत नाही, हे त्यामागचे खरे कारण होते. अफूने आतडे का थांबते याचा उलगडा १९७० च्या दशकात झाला. आतड्याच्या चेताजाळ्यातच अफूसारख्या द्रव्यांना प्रतिसाद देणारे ग्राही असतात. अफूपासून केलेल्या वेदनाशामकांनी आजही हाच त्रास होतो. गरोदरपणात रोज घ्यायच्या लोहाच्या गोळ्यांनीही काहींचे पोट अडते. मग गोळ्या गुपचूप बंद केल्या जातात आणि रक्तक्षय तसाच राहतो. गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारले तर मार्ग निघू शकतो.

उतारवयातली एक खूण तर फार लवकर दिसते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवाताचे वर्णन केले तेव्हाच बद्धकोष्ठतेची नोंद केली होती. पुष्कळ रोग्यांत हात कापायला लागण्याच्या कित्येक वर्षे आधी बद्धकोष्ठता सुरू होते, हे आता माहीत झाले आहे. अर्थात बद्धकोष्ठता असलेल्या प्रत्येकाला कंपवात होतो असे मुळीच नाही.

भाकरीचे महत्त्व आणि मर्यादा

युगांडात अनेक वर्षे काम केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७२ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटिश नौसैनिकांचा रोजचा मल सरासरी १०० ग्रॅमच्या आसपास होता आणि अन्न तोंडापासून शेवटपर्यंत जायला सुमारे ८३ तास लागत. युगांडातल्या खेडुतांचा मल ४७० ग्रॅम होता आणि वेळ सुमारे ३६ तास. खेडुतांच्या जेवणात चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ, भरपूर होते. तेव्हापासून कोंडा आणि पालेभाजी यांना प्रतिष्ठा आली. बाजरीची भाकरी, मटकी, घेवडा खाणाऱ्या शिरूर-दौंडच्या माणसाला हे ऐकून बरे वाटेल. मात्र त्याच घरात आता मैद्याची बिस्किटे आणि खारी आली आहे, हेही विसरू नये.

पण चोथा हे सर्व बद्धकोष्ठतेचे औषध मानले तर आपण पुन्हा ‘एकच मूळ, एकच उपाय’ या जुन्या वाटेवर जाऊ. अवटु ग्रंथी मंदावलेल्या माणसाला कोंड्याने पुरेसा गुण येणार नाही. आतडे कुठे अडलेच असेल, तर जास्त चोथ्याने त्रास वाढेल.

मग उरुळीच्या उपचारांना गुण कसा येत असेल? तिथे मातीच्या पट्टीबरोबर आहार बदलत होता, फळे-भाज्या वाढत होत्या, जेवणाच्या वेळा ठरत होत्या. एकाच वेळी इतक्या गोष्टी बदलल्यावर गुण कशाने आला हे सांगता येत नाही. त्यासाठी एकेक गोष्ट वेगळी करून तुलना करावी लागते. तरीही आहार, पाणी आणि नियमितपणा हे नेहमीच्या बद्धकोष्ठतेवरचे पहिले उपाय आजचे डॉक्टरही सांगतात. आणि स्वतः गांधीजींनी १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक यांच्याकडून करून घेतली होती. कुठला उपाय कुठवर चालतो हे ओळखणे महत्त्वाचे.

शाळेत काय?

मुलांच्या बाबतीत एक दिलासा आहे. बद्धकोष्ठता असलेल्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांना आत लपलेला कोणताही रोग नसतो. त्यांचा त्रास बहुधा मल रोखून धरण्याने सुरू होतो. एकदा खडा होऊन दुखले की मूल पुढच्या वेळी भीतीने रोखते. रोखल्याने मल आणखी सुकतो. गुदाशय ताणला जाऊन त्याची जाणीव बोथट होते. मग साठलेल्या खड्याच्या बाजूने पातळ मल नकळत झिरपतो आणि चड्डी खराब होते. घरचे म्हणतात जुलाब झाले, वर्गात मुले चिडवतात, आणि शिक्षकही कधी कधी रागावतात. प्रत्यक्षात ते मूल आजारी असते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘नवेगान्धारणीय’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. रोखू नयेत असे तेरा नैसर्गिक वेग त्यात मोजले आहेत आणि त्यात मलाचा वेग आहे. तो रोखला तर पोटात कळ, डोकेदुखी, पोट फुगणे असे त्रास होतात असेही तिथे सांगितले आहे. अल्वारेझ यांनाही हे निरीक्षण मान्य झाले असते.

आता आपल्या शाळेकडे पाहू या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरवली. पण स्वच्छतागृहाला कुलूप असेल, नळाला पाणी नसेल किंवा दाराला कडी नसेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाणी नाही आणि वेगही रोखायचा, अशी दोन कारणे शाळेतच तयार होतात. त्यांना ना सोनामुखी उपयोगी ना तपासण्या.

उरलेल्या थोड्या मुलांसाठी मात्र शिक्षकांची नजर मोलाची आहे. कारण एकाच वयाची चाळीस मुले रोज शेजारी शेजारी पाहणारा माणूस गावात दुसरा नसतो. बद्धकोष्ठतेबरोबर पुढीलपैकी काही दिसले तर पालकांना डॉक्टरकडे जायला सांगावे : तक्रार जन्मापासूनची असणे, उंची आणि वजन न वाढणे, मूल सुस्त आणि अभ्यासात मागे पडत जाणे, पोट सतत फुगलेले असणे, हिरव्या उलट्या, मलातून रक्त, पायांत अशक्तपणा किंवा लघवीवर ताबा नसणे. हिरव्या उलट्या किंवा फार फुगलेले पोट असेल तर त्याच दिवशी न्यावे. मोठ्या माणसांत पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर सवय अचानक बदलणे, रक्त पडणे आणि वजन घटणे या खुणा दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकावे या विचाराने. त्या धर्तीवर दोन सोपे प्रयोग सुचवतो. एका पेल्यात चमचाभर इसबगोल आणि दुसऱ्यात चमचाभर मैदा घ्या. दोन्हींत सारखे पाणी घालून अर्ध्या तासाने पाहा. पाणी कोण धरून ठेवते ते दिसेल. दुसरा प्रयोग घरी करायचा. जेवणात वाटीभर बिटाची कोशिंबीर खाऊन वेळ लिहून ठेवा आणि मलाचा रंग लालसर कधी होतो ते पाहा. लघवीही लालसर होऊ शकते, घाबरू नये. ज्यांना सांगावेसे वाटेल त्यांनीच तासांचा आकडा नाव न लिहिता चिठ्ठीवर द्यावा. वर्गाचा आलेख काढला की निरोगी माणसांतही किती फरक असतो ते कळेल. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इतकी निरोगीपणाची व्याप्ती मोठी आहे. रोज सकाळी झालेच पाहिजे ही चिंता त्यामुळे थोडी कमी होईल.

आणि तिसरी गोष्ट प्रयोगाहून सोपी आहे. तास चालू असताना एखाद्या मुलाने करंगळी वर केली किंवा दोन बोटे दाखवली, तर ‘मधल्या सुट्टीत जा’ असे न म्हणता त्याला लगेच जाऊ द्यावे.